डावा काचेत, उजवा माळ्यावर

४ मार्च

तीर्थरूप आणि सध्या तापलेल्या आत्यास,

पोचले. विमानात शेजारचा माणूस बूट काढून झोपला होता आणि मी उतरेपर्यंत त्या बुटांच्या टाचा बघत बसले. उजवी पार झिजलेली, डावी कोरी करकरीत. तू असतीस तर त्याला हलवून उठवलं असतंस आणि विचारलं असतंस, "अहो, लंगडता का?" मी नाही विचारलं. परक्या मुलखात पहिल्या दिवशी तरी तोंड सांभाळायचं असं ठरवलंय.

फोन तू उचलत नाहीस. बाबा उचलतात, पण मागून तुझं "कोण आहे रे?" ऐकू आलं की घाईघाईने "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. पोटच्या पोरीला राँग नंबर म्हणणारा बाप जगात एकच असेल. पण तो तुझा धाकटा भाऊ आहे, तुझ्यापुढे त्याची जन्मभर बोबडी वळलेली मी पाहिली आहे, म्हणून त्यांना दोष देत नाही. तेव्हा पत्र. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू टाकत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझे कागद पाहिले आणि विचारलं, "उद्योजक?" मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी ताठ उभी राहिले. आपल्या दुकानात स्टुलावर चढून खोकी काढणारी मी, सरकारी शिक्क्यानिशी उद्योजक झाले बघ! नवा धंदा घेऊन येणाऱ्यांना हा देश दार उघडतो, पण किल्ली हातात देत नाही. दोन वर्षांत एका समितीला पटवायचं की हा धंदा खरा आहे, नवा आहे आणि इथल्या माणसांना हवा आहे. पटलं तर कायमचं राहायचं. नाही पटलं तर गाशा गुंडाळून तुझ्या दारात, आणि तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे.

इथल्या नवउद्योग केंद्रातल्या एक बाई आहेत. त्यांचा चष्मा एवढा मोठा आहे की चेहरा त्याच्यामागे भाड्याने राहतो. मनातल्या मनात मी त्यांना चष्मेवाली म्हणते. माझी शिफारस करायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. निघण्याआधी व्हिडिओवर झालेल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "बूट सुटे विकणार, एकेक. यात नवं काय?" मी म्हणाले, "माझ्या आत्याने सगळा जन्म बूट विकण्यात घालवलाय. तिच्या मते हे पाप आहे. म्हणजे नवंच असणार." त्या हसल्या आणि शिफारस झाली. तेव्हा मी इथे आले ती तुझ्या शिव्यांच्या जोरावर. आशीर्वाद नाही तर नाही, शिव्याही लागू पडल्या.

आणि खरं सांग, त्या शाळेच्या बाईंच्या पायात वेगवेगळ्या जोड्यांतला डावा चार नंबर आणि उजवा सहा नंबर घातला, तेव्हा त्या कशा चालल्या, ते तू पाहायला हवं होतंस. लहानपणीच्या दुखण्याने एक पाय खुरटलेला. सगळी हयात एका बुटात कापूस कोंबून काढलेली. त्या दिवशी दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारल्या आणि काचेत स्वतःचे पाय बघत उभ्या राहिल्या. तू परत आलीस, मागे उरलेले दोन सडाफटिंग बूट उचललेस आणि म्हणालीस, "जोडी मोडलीस? हात कसा धजला तुझा?" मी म्हटलं, उलट्या पायांचं दुसरं कोणी येईल. तू म्हणालीस, "एकटा बूट कुत्रं नेतं, माणूस नाही." आणि हाच धंदा करायला मी परदेशी निघाले म्हटल्यावर, या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नकोस, हेही म्हणालीस.

ते दोन बूट फेकलेस का गं? फेकले नसतील तर उन्हात ठेवू नकोस, कातडं तडकेल.

तुझी,
जोडी मोडणारी

२० जून

प्रिय आत्या,

दुकान थाटलं! सकाळपासून दारात रांग आहे. लिहायला फुरसत नाही, पण तुला कळवल्याशिवाय घास गोड लागेना.

दुकान म्हणजे अर्धं दुकान. उरलेल्या अर्ध्यात एक चावीवाला बसतो. दिवसभर त्याचं यंत्र किरकिरतं आणि पितळेचा भुगा माझ्या बाजूला उडतो. माणूस भला आहे, फक्त बोलायला लागला की त्याच्या यंत्राला बंदचं बटण आहे आणि त्याला नाही. वरच्या मजल्यावर माझी खोली. पलंग, टेबल आणि भिंतीतलं एक कपाट, त्याचं दार लागायचं नाही. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून फटीत घातला, लागलं. तुझीच विद्या.

काच मी स्वतः सजवली. तू म्हणायचीस तशी, "डावा काचेत, उजवा माळ्यावर, आणि दोघांची गाठ गिऱ्हाइकाच्या पायात." एकूण एक डावे बूट ओळीने मांडले आणि प्रत्येकाची नाडी मागच्या खिळ्याला आपल्या दुहेरी गाठीने बांधली. इथे माळा नाही, म्हणून उजवे मागच्या खोलीत. चोर आलाच तर एकट्या डाव्याचं काय लोणचं घालणार? चावीवाला बघत होता. म्हणाला, "सगळे डावे?" मी म्हटलं, "आमच्या घराची पद्धत आहे." त्याने मान डोलावली. काचेचा झकास फोटो काढला आणि तोच दुकानाच्या संकेतस्थळावर लावला.

आता धंदा कसा चालतो ते ऐक, म्हणजे बाबांना समजावता येईल. ते फोनवर "हो, हो" म्हणतात आणि त्यांना ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घ्यायचं. डावा चार, उजवा सहा असेल तर दोन जोड्या मोडून त्याला हवी ती जोडी द्यायची. मागे राहिला डावा सहा आणि उजवा चार. आता असेच पाय असलेलं माणूस कुठेतरी असणारच. तो शोध मी लिहिलेला प्रोग्राम घेतो. लग्नं जुळवणाऱ्या बायका असतात ना, तसंच. फक्त इथे दोन्हीकडची मंडळी कधी रुसत नाहीत.

रांग वाढली. थांबते.

तुझी,
कामात बुडालेली

९ नोव्हेंबर

आत्या,

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे मला होऊन गेल्यावर कळलं. त्यांनीच सांगितलं, पट्टी सुटल्यावर. तू कळवू दिलं नाहीस, असंही म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

कळलं असतं तरी मला येता आलं नसतं, हे तुला ठाऊक होतं म्हणून कळवलं नाहीस, असं मी माझ्या मनाला सांगते. निकाल लागेपर्यंत मी हा देश सोडला तर परत आत घेतीलच याची हमी नाही. चष्मेवालीने बजावून सांगितलंय. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला शिकले होते. माझ्या पायात पहिले बूट तू घातलेस, शाळेत तू पोचवलंस, तापात तू जागलीस. आणि तुझ्या भावाच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा मी इथे दुसऱ्यांच्या पायांची मापं घेत होते. मला फार वाईट वाटलं. दुपारी दुकान बंद करून वर जाऊन रडले.

बाबा म्हणाले, दवाखान्यात तू त्यांच्या उशाशी बसून माझ्या नावाने बोटं मोडत होतीस. मग डॉक्टरांनी विचारलं, यांचं आणखी कोणी नाही का, तर फणकारून म्हणालीस, "मुलगी आहे ना. परदेशात मोठा धंदा करते. दुकानापुढे रांग असते."

आत्या, ती रांग चाव्यांची होती.

माझ्या बाजूला कोणी येत नाही. म्हणजे येतात, "जरा टेकू का?" म्हणून माझ्या बाकावर बसतात, चावी झाली की निघून जातात. काचेशी लोक थांबतात, बघतात, आपसात काहीतरी बोलतात आणि पुढे जातात. संकेतस्थळावरही तेच. बघणारे पुष्कळ, मागवणारे बोटावर मोजण्याइतके. काल चष्मेवालीने बोलावून घेतलं. "तुमचं गणित चोख आहे, प्रोग्राम उत्तम आहे. पण माणसं कुठे आहेत? समिती एकच प्रश्न विचारेल, हे कोणाला हवंय? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही." माझ्या कानात तुझं वाक्य घुमत होतं, ते कुत्र्याचं.

तू जिंकलीस असं लिहायला घेतलं होतं. पण लेखणी रेटेना. तुझ्याच हाताखाली वाढलेय, हार मानायची सवय कुठून लागणार?

बाबांच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. ते विसरतात आणि घातले म्हणून ठोकून देतात.

तुझीच

१७ फेब्रुवारी

आत्या! आत्या! आत्या!

चोरी झाली!

आपल्या दुकानात इतक्या वर्षांत काचेतला बूट कधी गेला नाही, आणि माझ्याकडचा गेला. भरदिवसा. मी वर चहा ठेवायला गेले होते, चावीवाला कोणाचं तरी कुलूप उघडायला गेला होता. खाली येऊन बघते तर तपकिरी, नाडीचा, जाड तळव्याचा डावा बूट जागेवर नाही. नुसता खिळा.

आधी मी काय केलं असेल? कुत्रं शोधलं. पायरीखाली वाकले, गल्लीत गेले, कचऱ्याच्या पेटीमागे पाहिलं. तुझी शिकवण रक्तात भिनलेली. मग परत आले आणि खिळ्याकडे नीट पाहिलं. गाठ तुटलेली नव्हती. चावलेली नव्हती. सोडवलेली होती. नाडीसकट बूट नेला होता. आपली ती दुहेरी गाठ, जी सोडवताना बाबांचीही नखं दुखतात, ती कोणीतरी उभं राहून, धीराने, बोटांनी सोडवली होती.

कुत्र्याला गाठ सुटते का गं?

माणसाने नेला, आत्या! उजवा मागच्या खोलीत सुखरूप आहे, त्याला हातसुद्धा लावलेला नाही. एकटा डावा माणसाला हवा होता. इतका हवा होता की त्याने चोरी केली! मी दुकानात नाचायला लागले. चावीवाला परत आला, त्याला वाटलं मला धक्का बसलाय. "पोलिसांना बोलावू?" म्हणाला. मी म्हटलं, "पेढे वाटू." ते काय असतं हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला.

मग तो सहज म्हणाला, "पण तुम्हाला डावेच का विकायचे असतात? उजव्यांनी काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं डावेच?"

"सगळी गल्ली म्हणते. डाव्यांचं दुकान म्हणतात तुमच्या दुकानाला. काचेत डावे, फोटोत डावे. मी विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही म्हणालात घराची पद्धत आहे. मला वाटलं, असेल एखादा नवस." मग समोरच्या बाकाकडे हात करून म्हणाला, "तो कुबड्यांवाला म्हातारा रोज तिथे बसतो ना, त्याला डावा पाय नाही. परवा मला म्हणाला, जन्मात पहिल्यांदा एकटा बूट विकणारं दुकान निघालं, ते पण दुसऱ्या पायाचं. माझं नशीबच तसलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुटा बूट विकायला साता समुद्रापार आले आणि काच मात्र चोराच्या भीतीने मांडली, जोडीवाल्या दुकानासारखी! तुझा नियम तुझ्या दुकानात शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथे एकट्या बुटाला किंमत नाही. इथे तीच तर किंमत आहे. आणि मी ती अर्धी मागच्या खोलीत कोंडून ठेवली होती!

चहा वर उकळून करपला. मी तशीच रस्ता ओलांडून धावले, म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याला आत आणलं. तो भांबावून म्हणत होता, "माझ्याकडे डावा नाही हो बाई." मी म्हटलं, "मला दिसतंय. बसा." उजवा, आठ नंबर, काळा. नाडी बांधली तेव्हा त्याने कुबड्या टेकून पाय दोन वेळा आपटला आणि म्हणाला, "दुसरा कचऱ्यात टाकावा लागत नाही, याची मजाच वेगळी."

संध्याकाळी काच नव्याने मांडली. डाव्या हाताला डावे, उजव्या हाताला उजवे. तुझा नियम मोडला. रागाव.

तुझी,
लुटली गेलेली

२८ मार्च

प्रिय आत्या,

चोर सापडला. म्हणजे चोर स्वतःच चालत आला.

चोर बाई आहे. घरं रंगवण्याचं काम करते. अंगावर रंगाने भरलेला डगला, केसांत पांढरे ठिपके. दारातून आत आली आणि माझी नजर आधी, सवयीने, पायांकडे गेली. डाव्या पायात माझा तपकिरी बूट. त्यावरही पांढरे शिंतोडे. उजव्या पायात अगदी तसाच, पण जुना, आणि तरी टाच कोरी. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. विमानातला तो माणूस, आठवतो?

"हा मी नेला," ती म्हणाली आणि पैसे टेबलावर ठेवले. "उजवा पाय कृत्रिम आहे. त्यातला बूट झिजतच नाही. डावा मात्र शिडीवर चढून वर्षात फाटतो. दर वर्षी एका बुटासाठी जोडी घेते. घरात उजव्या बुटांची रास आहे. सुरुवातीला दुकानांत विचारायचे, एकटा द्याल का? हसायचे. एकाने विचारलं, आणि उरलेल्याचं मी काय करू, तुम्हाला फेकून मारू? मग विचारायचं सोडलं. त्या दिवशी तुमच्या काचेत माझाच बूट दिसला. आत आले, कोणी नव्हतं. विचारायचं पुन्हा जिवावर आलं."

"पाटी नाही वाचलीत? सुटे मिळतील असं लिहिलंय."

"वाचली. खरी वाटली नाही."

आत्या, मी तिला रागवणार होते. शब्द जुळवून ठेवले होते. पण गाठीचं आठवलं. मी विचारलं, "गाठ कशी सोडवलीत? ती आमच्या आत्याची गाठ आहे, कोणाला सुटत नाही." ती म्हणाली, "रंगाच्या डब्यांच्या दोऱ्या सोडवण्यात हयात गेली माझी. पण ही गाठ भारीच अवघड. शिकवाल का?" मग बाकावर बसून मी तिला आपली गाठ शिकवली.

दुसऱ्या दिवशी ती घरातली उजव्या बुटांची रास पोत्यात भरून घेऊन आली. सगळे नवे. त्यातले निम्मे आठवड्यात गेले. तिच्या ओळखीचे, कृत्रिम पाय बसवणाऱ्या दवाखान्यातले, कुबड्यांवाल्या म्हाताऱ्याच्या बाकावरचे. मग पाय लहानमोठे असलेले येऊ लागले. ते तर किती असतात गं! सगळे कापूस कोंबून, ओठ मिटून चालत होते इतके दिवस.

आज सकाळी रांग होती. मी नीट पाहून लिहितेय, चावीवाल्याची नव्हे. त्याचं गिऱ्हाईक माझ्या रांगेत अडकलं म्हणून तो कुरकुरत होता. मला ते यंत्राच्या किरकिरीपेक्षा गोड वाटलं.

तुझी,
आता खरंच कामात बुडालेली

११ ऑक्टोबर

आत्या,

झालं!

पण तुला मी एका शब्दात सोडणार नाही. सगळं ऐकावं लागेल.

समितीची खोली लांबोडकी, टेबल त्याहून लांब. पलीकडे पाच जण, अलीकडे मी एकटी. मागे भिंतीशी खुर्च्यांवर चष्मेवाली, चावीवाला आणि रंगारीण. चावीवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याच्या खिशात सवयीने कानस होतीच. अध्यक्ष उंच, वाळकुडा, आवाज असा की ऐकताना आपण उशिरा आलोय असं वाटावं. त्याने माझे सगळे कागद वाचले होते. आकडे वाढताहेत हे मान्य केलं. मग चष्मा काढून म्हणाला, "पण ही नवलाई असू शकते. लोकांनी कीव म्हणून घेतले असतील. एकटा बूट माणसाला खरोखर हवा असतो, याचा पुरावा काय?"

दीड वर्ष, बाबांचा डोळा, तुझा अबोला, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलं होतं. चष्मेवालीने शिकवलेलं उत्तर होतं, ते आठवेना. तोंडातून निघालं ते असं, "साहेब, माझ्याकडे चोरी झाली."

"काय?"

"भरदिवसा. नुसता डावा नेला. उजवा आत होता, त्याला हात लावला नाही. माझ्या आत्याचं म्हणणं होतं की एकटा बूट फक्त कुत्रं नेतं. पण गाठ सोडवून नेला. कीव म्हणून कोणी चोरी करत नाही, साहेब. चोर नको असलेली वस्तू नेत नाही."

टेबलाच्या टोकाची एक बाई फसकन हसली. अध्यक्ष हसला नाही. "हे तुम्ही सांगता. त्या चोराला मी विचारू शकत नाही."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "विचारा की," रंगारीण म्हणाली. "मीच ती."

मी मागे वळून नको नको म्हणून हात हलवत होते. पोलिसात दिलं तर? पण ती लंगडत पुढे आली, खुर्चीवर डावा पाय ठेवला आणि म्हणाली, "मी कधी कोणाची सुईसुद्धा उचलली नव्हती. हा उचलला. पैसे नंतर दिले, पण उचलला. का, ते सांगू? कारण तुमच्या या शहरात एवढी दुकानं आहेत, आणि एकातही माझ्या पायाला पाय म्हणून विचारलं नाही. हिच्या दुकानात पाटी होती तरी मला खरं वाटलं नाही. आता ही गेली तर पुन्हा चोरी करायलाही जागा उरणार नाही."

आत्या, मला रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर. चावीवालाही नाक पुसत होता, पण तो म्हणतो सर्दी होती.

आम्हाला बाहेर बसवलं. मग चष्मेवाली बाहेर आली, चष्मा हातात, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. मंजूर! सगळ्यांनी एकमताने. कायमचा परवाना. कुठेही जा, कधीही ये, दार आपलं.

मी मूठ वर करून ओरडले. सरकारी इमारत होती, शिपाई धावत आला. मी त्याच्याही गळ्यात पडले.

आणि आता शेवटचं, हे फक्त तुझ्यासाठी. आम्ही जिन्यात असताना अध्यक्ष मागून आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "माझा डावा जरा मोठा आहे. लहानपणापासून. बायकोलाही सांगितलेलं नाही." मी म्हटलं, "बसा." तो जिन्याच्या पायरीवर बसला. मी गुडघे टेकले आणि त्याचा पाय हातात घेतला. गिऱ्हाइकाच्या पायापुढे वाकायला लाजायचं नाही, हे तू शिकवलंस. हा नियम मी मोडलेला नाही.

आता तरी एक ओळ लिही गं. शिवी असली तरी चालेल.

तुझी,
इथली आणि तिथली

५ डिसेंबर

आत्या,

तुझं पार्सल आज आलं.

खोकं पाहूनच ओळखलं. आपली सुतळी, आपली गाठ. चावीवाला कात्री घेऊन धावला, मी त्याच्या हातावर चापट मारली. बसून, धीराने, बोटांनी सोडवली. वर तुझी चिठ्ठी. एवढ्या दिवसांत तुझं अक्षर पाहिलं नव्हतं, पहिली ओळ वाचायच्या आत डोळे भरले. मग वाचली आणि हसू फुटलं.

"तुझी पत्रं बाबा मोठ्याने वाचतो. डोळा चांगला झालाय हे त्याला दाखवायचं असतं, म्हणून ऐकावी लागतात. त्या दोन बुटांना मी फळीवर ठेवलं होतं, उन्हात नव्हे. मला अक्कल शिकवू नकोस. मागल्या महिन्यात शाळेच्या बाई आल्या, बरोबर त्यांची नवी सहकारी. डावा सहा, उजवा चार. घालून बघितले आणि नाचली. फुशारकी मारू नकोस. एकदा लागलेला मटका आहे तो. तरी काचेत पाटी लावलीय, सुटे मिळतील. बाबाने लावली. मी काढली नाही, एवढंच.

"सोबतचा बूट तुझ्या मापाचा आहे. कारागिराच्या डोक्यावर बसून करून घेतलाय. आता तुला मोकळीक मिळालीय असं लिहिलंस. बघू."

खोक्यात पातळ कागदाखाली एकच बूट. लाल, मऊ कातड्याचा, डावा. मी कागद उलटापालटा केला, खोकं उपडं केलं, चावीवाल्याने सुतळीखालीसुद्धा पाहिलं. मग चिठ्ठीची मागची बाजू दिसली. तिथे एवढंच होतं:

"उजवा माळ्यावर आहे. जोडी मोडायची नसते. न्यायला ये."

मी खाली बसले. लगेच पायात घातला. कुठे चावत नाही, कुठे ढिला नाही. एवढ्या लांबून, न बघता, तुला माझ्या पायाचं माप पाठ आहे.

रंगारीण दुकान सांभाळणार आहे, चावीवाला तिच्यावर लक्ष ठेवणार आहे आणि ती त्याच्यावर. तिकीट काढलं. येत्या रविवारी सकाळी पोचेन. बाबांना सांग, दारात मी दिसले की राँग नंबर म्हणायचं नाही. आणि तू पाऊल टाकू नकोस म्हणाली होतीस, ते मी विसरलेले नाही. म्हणून आधी उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसेन, तू उजवा घालशील, मगच आत येईन.

विमानात डाव्या पायात तुझा लाल बूट असेल आणि उजव्या पायात माझी जुनी चप्पल. लोक हसतील. हसू देत. कोणी विचारलंच तर सांगेन, दुसरा माझ्या आत्याकडे आहे.

तुझी